बर्फाचं गाव सोडायची वेळ आलीय, पुढे कुठे जाऊ?

भाकरी_आणि_बर्फ (२८ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरची, वय २९. हॉटेल मॅनेजमेंट केलं, पाच वर्षं पुण्यात नोकरी केली. गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाची भारतासाठी पहिल्यांदाच सोडत निघाली, १,००० जागांची. त्यात माझं नाव आलं. मे महिन्यात इथे पोचले आणि १ जूनपासून स्नोई माउंटन्समध्ये काम करतेय. राहते जिंडाबाइनला. पहाटेच्या बसनं वर थ्रेडबो या स्कीइंगच्या गावी जाते. तिथे एका लॉजमध्ये हाउसकीपिंगला आहे.

बर्फाचा सीझन इथे जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या जोडसुट्टीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला, उरकतो. म्हणजे माझे शेवटचे आठ दिवस राहिलेत. गाव आत्ताच रिकामं व्हायला लागलंय. कपड्यांच्या दुकानात सेल लागलेत, खोल्यांच्या दारात बॅगा दिसतात, आणि रोज कुणीतरी येऊन "तू कुठे चाललीस?" म्हणून विचारतं. मला उत्तर देता येत नाही.

समोर तीन वाटा आहेत. लॉजवाले म्हणतात, उन्हाळ्यातही राहा, डोंगर चढणारे आणि सायकलवाले येतात, तास कमी मिळतील पण खोली सुटणार नाही. दुसरी वाट शेतावर कामाला जायची. तिसरी घरी यायची. आमचं शेत मोहोळ तालुक्यात सीनेकाठी आहे. गेल्या आठवड्यात सीना नदीला पूर आला तेव्हा काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, मी फोनवर बघितलं. अप्पा म्हणतात, "इथं येऊन चिखल बघून काय करणारैस, तिथंच राहा." आई काहीच बोलत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. या गावातून माझा पाय निघत नाही. जूनमध्ये फ्रायडे फ्लॅट नावाच्या शिकाऊ उतारावर चार-पाच वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सूं करून जायची आणि मी बसलेली असायची. परवा मी डोंगराच्या वरच्या स्टेशनपासून गावापर्यंत एकदाही न पडता खाली आले. ते सोडून जायचं जिवावर येतंय.

---

सात_रस्ता

घरात पाणी शिरलं होतं का? माणसं, जनावरं बरी आहेत ना? ते आधी सांग, बाकी नंतर बोलू.

---

भाकरी_आणि_बर्फ

वस्ती उंचावर आहे, घरात नाही शिरलं. जनावरं वेळेवर हलवली. तीन एकर सोयाबीन गेलं, आणि नदीकडच्या बाजूची माती खरवडून गेली. अप्पा पंचनाम्याची वाट बघायलेत.

---

विजापूर_वेस

काय बे ताई, ऑस्ट्रेलियाला पोचलीस आणि परत शेतावर? फिर की! सिडनी बघ, समुद्र बघ. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन चेऱ्या तोडायच्या कशाला? मेलबर्नच्या एखाद्या हॉटेलात लाग. हे वर्ष परत येणार नाही.

---

कॅनबेराचा_सोलापूरकर

अकरा वर्षं इथे आहे, तुझ्यापासून अडीच तासांवर. विजापूर_वेस यांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्यात एक मोठी अडचण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझा व्हिसा ४६२ क्रमांकाचा. तो एक वर्षाचा, तुझा मे २०२६ला संपेल. दुसऱ्या वर्षाचा हवा असेल तर पहिल्या वर्षात ठरावीक कामं तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस, करावी लागतात. हॉटेलचं काम त्यात धरतात, पण फक्त उत्तर ऑस्ट्रेलियात आणि दुर्गम म्हणून ठरवलेल्या भागांत. जिंडाबाइन आणि थ्रेडबो कितीही आडबाजूला वाटले तरी त्या यादीत नाहीत. चार महिने तू ज्या खाटांवर चादरी घातल्यास त्यातला एकही दिवस मोजला जाणार नाही. बर्फाच्या गावात आलेल्या पोरांना हे सीझन संपताना कळतं, आणि तेव्हा फार वाईट वाटतं. मेलबर्नच्या हॉटेलचंही तेच.

शेती, फळबागा, जनावरं यांचं काम मात्र न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या बहुतेक ग्रामीण भागात चालतं. एकाच मालकाकडे पाहिजे असं नाही, तुकड्यातुकड्यानं केलेलं चालतं.

आता वयाचं. दुसऱ्या व्हिसाचा अर्ज ३१ पूर्ण व्हायच्या आत करावा लागतो. दुसऱ्या खेपेला सोडत नाही, पण तू २९ची आहेस. हे वर्ष गेलं तर दार बंद.

लॉजचं म्हणशील, तर एका मालकाकडे साधारण सहाच महिने काम करता येतं. १ जूनला लागलीस म्हणजे नोव्हेंबर अखेर तुला तिथून उठावंच लागेल. उन्हाळाभर राहा म्हणणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसावं.

---

भाकरी_आणि_बर्फ

दादा, सहा महिन्यांचं माहीत होतं, हॉटेलचे दिवस धरत नाहीत हे नव्हतं. मला वाटत होतं इतक्या डोंगरात आहोत म्हणजे मोजत असतील. आज शिफ्ट झाल्यावर अर्धा तास तळ्यावर जाऊन बसले.

---

विजापूर_वेस

माझे शब्द मागे घेतो. हे माहीत नव्हतं.

---

माढ्याचे_गुरुजी

मी बरीच वर्षं साखरशाळेत शिकवलं. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर यायच्या आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जायच्या. "पदवी घेऊन चेऱ्या तोडायच्या?" हे वाक्य इथे आलं म्हणून सांगतो. हंगामी काम हलकं नसतं. त्यात फसवणूक कुठे होते ते मात्र आधी समजून घ्यावं लागतं. आमच्याकडे ती मुकादमाच्या वहीत व्हायची. उचल किती, फेडली किती, हे वही सांगेल तेच खरं. तुमच्याकडेही मजूर पुरवणारे ठेकेदार असणारच. त्यांच्याबद्दल कॅनबेराच्या पाहुण्यांनी लिहावं.

---

कॅनबेराचा_सोलापूरकर

गुरुजी, अगदी मुद्द्याचं बोललात. ओळखीतल्या एका मुलीला एका वसतिगृहवाल्यानं "काम देतो" सांगून दोन आठवड्यांचं भाडं आगाऊ घेतलं आणि काम दिलं तीन दिवसांचं. बाकी दिवस "पाऊस आहे, उद्या बघू." भाडं मात्र चालूच.

म्हणून, पोरी:

आगाऊ पैसे मागणारा आला की तिथेच थांब. व्हिक्टोरियात मजूर पुरवणाऱ्याला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही इंटरनेटवर बघता येते. न्यू साउथ वेल्समध्ये तशी परवान्याची सोय नाही, तिथे जास्त जपून.

पगाराची पावती दर वेळी घे आणि जपून ठेव. रोख हातात देणाऱ्याकडे एक दिवसही काम करू नकोस, कारण ८८ दिवसांचा पुरावा त्या पावत्याच असतात.

किमान दर १ जुलै २०२५पासून तासाला २४.९५ डॉलर आहे. कॅज्युअलला, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला, त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१च्या वर. फळं मोजून पैसे देणारे असतात, पण एप्रिल २०२२पासून त्यांनाही तासाच्या किमान दराखाली जाता येत नाही. "तू हळू तोडतेस" हे कारण चालत नाही.

कर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के. मालक तुझ्या पगारावर १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीचा निधी, भरतो, पण देश सोडताना ते काढलंस तर त्यातले ६५ टक्के करात जातात. घरी पाठवायच्या पैशाचा हिशेब करताना सुपर धरूच नकोस.

---

हुरडा_पार्टी

वाचून ठेवतोय. पोरगा पुढच्या सोडतीत अर्ज करायचा म्हणतोय.

अवांतर: तिथे भाकरी मिळते का गं? नावात लिहिलंयस म्हणून विचारलं.

---

भाकरी_आणि_बर्फ

ज्वारीचं पीठ कॅनबेराच्या भारतीय दुकानात मिळतं. पण इथल्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, कडा कडक होतात. मग कडक भाकरी म्हणूनच खाते, शेंगाचटणीबरोबर. खोलीत एक अर्जेंटिनाची मुलगी आहे, तिला चटणीचं वेड लागलंय. अर्धी बरणी तिनेच संपवली.

---

भीमाकाठ

थोडं विषयाबाहेरचं. "तळ्यावर जाऊन बसले" हे वाचलं आणि जिंडाबाइनचं तळं म्हणजे काय हे शोधून वाचलं. रात्री झोप लागली नाही. ते तळं धरणाचं आहे. जुनं जिंडाबाइन त्याच्या तळाशी आहे.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीत गेलेलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पलीकडे पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक होडीनं बघायला जातात, फोटो काढतात. वडील कधी गेले नाहीत. म्हणायचे, देऊळ दिसतं, आपलं जोतं दिसत नाही.

तिथल्या लोकांना जुन्या गावाचं काही वाटतं का?

---

भाकरी_आणि_बर्फ

काका, वाटतं. आमच्या लॉजच्या धुलाईखान्यात एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्यांचं बालपण जुन्या गावात गेलं. १९६०च्या दशकात स्नोई नदीवर धरण झालं तेव्हा नवं गाव वर वसवलं, तेच हे आत्ताचं. पाणी फार खाली गेलं की जुन्या इमारतींचे पाये दिसतात म्हणतात. मी त्यांना पळसदेवचा फोटो दाखवला, तुमचा निरोप वाचल्यावर. त्यांनी चष्मा लावून खूप वेळ बघितला आणि विचारलं, "तुम्हाला घंटा काढून घेता आली होती का?" मला उत्तर माहीत नव्हतं.

हा डोंगर बाहेरून आलेल्यांनीच उभा केला, हेही इथेच कळलं. स्नोईची योजना १९४९ ते १९७४ चालली. एक लाखाहून जास्त माणसं राबली, तीसच्या वर देशांतली. युद्धातून निघून आलेली, बोगदे खोदणारी. आणि आम्ही बर्फावर घसरायला शिकतो ते थ्रेडबो १९५७मध्ये सुरू झालं, त्यात त्या योजनेवर आलेल्या युरोपियनांचा मोठा हात होता. आजी म्हणतात, या गावात कायम राहणारे थोडे, आलेले आणि गेलेले खूप.

---

भीमाकाठ

आजींना सांग, घंटेचं मलाही माहीत नाही. पण आमच्या मारुतीची मूर्ती नव्या गावठाणात बैलगाडीनं आणली होती, मी गाडीत बसलो होतो.

---

पूर्वभाग

आमचं घर विणकरांचं. आजोबा तेलंगणातून सोलापूरला आले, काका सोलापूरहून भिवंडीला गेले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा गल्लीतली निम्मी घरं अशीच हलली. काका सांगायचे, गाव सोडताना सगळ्यात अवघड काय असेल तर कुणाला काय देऊन जायचं ते. माग कुणाला, पाळणा कुणाला.

तू चादर घेऊन गेली असशील ना सोलापूरची?

---

भाकरी_आणि_बर्फ

दोन आणल्या होत्या. उणे आठमध्ये हीटरपेक्षा त्यांनीच जास्त साथ दिली. एकीवर अर्जेंटिनावालीचा डोळा आहे.

---

अक्कलकोटची_आई

सगळ्यांनी व्हिसाचं लिहिलं, मी आईचं लिहिते. माझा मुलगा जर्मनीत आहे. तो फोनवर काय खाल्लं विचारतो, मी सांगते. मी गप्प झाले की त्याला वाटतं मी रागावलेय. राग नसतो गं. "ये" म्हटलं तर तुझं नुकसान, "नको येऊस" म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं. म्हणून आई गप्प बसते. तू तिला कधी येणार विचारू नकोस, तूच एक तारीख सांग. लांबची असली तरी चालेल. तारीख मिळाली की आम्ही बायका दिवस मोजतो, त्यात बरं वाटतं.

---

सात_रस्ता

+१. डोळ्यांत पाणी आलं.

---

नान्नजचा_बागवान

आठ दिवस छाटणीच्या गडबडीत होतो. तीही या पावसानं अडलीय, म्हणून आज बसून सगळं वाचलं. आता मूळ प्रश्नाकडे या.

पोरी, चेरीच्या नादी एकटीनं लागू नकोस. भाच्यानं मला तिकडचं दाखवलंय. यंग नावाचं गाव आहे, कॅनबेरापासून दोन तासांवर, चेरीसाठी प्रसिद्ध. पण तोडणी नोव्हेंबर-डिसेंबरात, चार-सहा आठवड्यांत खेळ खलास. आणि पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला की फळ तडकतं. तिथे लोक झाडांवरचं पाणी उडवायला हेलिकॉप्टर भाड्यानं आणतात म्हणे! द्राक्ष तडकताना काय होतं ते मला विचार. पाऊस आला की आधी मजुराचं काम थांबतं. तुझे ८८ दिवस एवढ्या छोट्या हंगामात बसायचे नाहीत, आणि आजपासून नोव्हेंबरपर्यंत बसून खाशील.

तू द्राक्षाकडे जा. मिल्ड्युरा आणि रॉबिनव्हेल, मरी नदीच्या काठाला. तिथली वेल थंडीत झोपते, म्हणून छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी अशी दोनदा छाटतो. याचा अर्थ काय, तर आपण इथे कात्री हातात घेतोय तेव्हा तिकडे वेल फुटून वीतभर झालेली असणार. आता फेल, म्हणजे जादा फुटवे, काढायचे, मग पानं काढायची, मग घड विरळायचे. जानेवारीपासून तोडणी, ती मार्चच्या पुढे चालते. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च एकाच भागात काम. खाण्याची द्राक्षं करणारा बागवान बघ. दारूच्या द्राक्षांना एवढी हातकामं नसतात, तिथे यंत्र फिरतं.

आणि तिकडची सुलताना म्हणजे आपली थॉमसन. थॉमसनमधूनच आमच्या नान्नजमध्ये सोनाका निघाली, सोलापूर-नान्नज-काळे यांची पहिली अक्षरं घेऊन नाव पडलं. तू परक्या पिकात चालली नाहीस.

एक शिकून ये. विरळणी करताना घडात मणी किती ठेवतात, आणि ओळीत अंतर किती धरतात. तुझ्या अप्पांची जमीन नदीनं नेली म्हणालीस. नदीकडचं खरवडलेलं रान लगेच द्राक्षाला चालणार नाही, गाळमाती भरून, हिरवळीचं खत घेऊन दोन वर्षं जातील. पण वरच्या रानाचा विचार करता येईल. आलीस की माझ्याकडे ये, बाग दाखवतो.

---

कॅनबेराचा_सोलापूरकर

बागवान काकांना साष्टांग. मी यंगच सांगणार होतो, माझ्या घरापासून जवळ म्हणून.

भर एवढीच: फळबागेच्या कामाला सहा महिन्यांची मर्यादा नाही, एकाच मालकाकडे जास्त राहता येतं. मिल्ड्युरा इथून आठशेच्या आसपास किलोमीटर आहे. आधी माझ्या घरी ये, दोन दिवस राहा, बायको भाकरी गॅसवर करते, फुगतेही. जानेवारीत तिथे पारा चाळिशीपार जातो. सोलापूरच्या माणसाला मी याहून जास्त काय सांगू!

---

विजापूर_वेस

ताई, उन्हाचं टेन्शन नको घेऊ, आपण एप्रिलात जन्मतोच.

---

माढ्याचे_गुरुजी

रॉबिनव्हेल, मिल्ड्युरा व्हिक्टोरियात येतात ना? म्हणजे ठेकेदाराचा परवाना तपासता येईल. हा मुद्दा मोठा आहे.

---

भाकरी_आणि_बर्फ (६ ऑक्टोबर २०२५)

आज शेवटचा दिवस होता. सकाळी लवकर वर गेले, बर्फ खालच्या उतारावर पातळ झाला होता, मधूनच गवत दिसत होतं. दुपारपर्यंत तीन वेळा खाली आले. लिफ्टवरचा मुलगा चिलीचा आहे, चार महिने रोज "गुड मॉर्निंग" म्हणायचा, आज त्याने नाव विचारलं. मीही त्याचं विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

ठरवलंय. ९ तारखेच्या बसनं कूमावरून कॅनबेरा. दादांकडे दोन दिवस. मग रॉबिनव्हेल. काकांनी सांगितलं तसं खाण्याच्या द्राक्षांचा बाग बघितलाय, ठेकेदाराचं नाव परवान्याच्या यादीत शोधलं, सापडलं. आगाऊ काही मागितलं नाही, फोनवर तासाचा दर विचारला तर सरळ सांगितला, लेखी पाठवलाही. काम १३ तारखेपासून.

काल आईला फोन केला. तारीख सांगितली. ८८ दिवस नीट भरले तर जानेवारीच्या मध्यापर्यंत होतील, व्हिसावर ये-जा करता येते. म्हटलं, गड्ड्याची जत्रा चालू असतानाच येईन, पंधरा दिवसांसाठी, नंदीध्वजांची मिरवणूक हुकली तर हुकली. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या अंगाचा स्वेटर इथं आणू नकोस, धुवायला पाणी फार लागतं." आणि मग अर्धा तास बोलली.

एक चादर अर्जेंटिनावालीला दिली. ती आता उत्तरेला आंब्याच्या बागेत चाललीय, तिथे चादर लागणारच नाही, पण तिने घेतली. धुलाईखान्यातल्या आजींना उरलेली चटणी दिली आणि भीमाकाठ काकांचा मारुतीचा निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, बैलगाडीत बसलेल्या मुलाला माझा नमस्कार सांग.

---

भीमाकाठ

पोचला.

---

कॅनबेराचा_सोलापूरकर

जानेवारीचं तिकीट आत्ता काढू नकोस. पावत्यांवर ८८ दिवस मोजून झाले की काढ. एखादा आठवडा मागेपुढे होतो. आईला तारखेऐवजी आठवडा सांग.

---

अक्कलकोटची_आई

आठवडाही चालतो.

---

नान्नजचा_बागवान

पहिल्या दिवशी मला तीन फोटो पाठव. तारांचा मांडव कसा आहे तो, एक घड जवळून, आणि पानाची खालची बाजू. तिकडेही डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येतो का ते बघायचंय.

---

भाकरी_आणि_बर्फ

पाठवते काका. पान उलटं करून, उजेडात धरून.